दुनळीची पारख

जुनी वस्तू घ्यायची म्हटली की आपल्याकडे माणूस एकटा जात नाही. बैल पाहायला जाताना दात ओळखणारा सोबत असतो. जुना ट्रॅक्टर घ्यायचा तर मिस्त्री, जुने घर घ्यायचे तर गवंडी. पण शेतकऱ्याला जुनी बंदूक घ्यायची असेल तर त्याने कोणाला सोबत न्यावे? हा प्रश्न माझ्यापुढे २०१७ साली आला. त्या खरेदीत मी जे पाहिले आणि जे शिकलो, ते आज सांगणार आहे. बंदूक कोणी घ्यावी की घेऊ नये, हा वाद मी इथे घालत नाही. ज्याला घ्यावीच लागणार आहे, त्याने ती पारखून घ्यावी, एवढेच माझे म्हणणे.

माझे वावर वाशीम जिल्ह्यात, रिसोड तालुक्यात आहे. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होतो. निवृत्त झाल्यावर पूर्णवेळ शेतकरी झालो. बारा एकर जमीन. खरिपात सोयाबीन आणि तूर, पाणी असेल तर रब्बीत हरभरा. पेरणी झाली की रानडुकरे तासाच्या रेघेने बी उकरत जातात. सोयाबीन वीतभर झाले की रोही येतात. हरभऱ्याला घाटे धरले की दोघेही येतात. रोही खातो त्यापेक्षा तुडवतो जास्त, आणि डुकराचा कळप तर एका रात्रीत महिन्याभराच्या मेहनतीची माती करतो. आमच्या भागात धुऱ्यावर जुन्या साड्यांचे कुंपण बांधतात, पत्र्याचे डबे वाजवतात, फटाके फोडतात, सौर झटका यंत्र लावतात. काही लोक नको ते करतात, म्हणजे तारेत थेट विजेचा प्रवाह सोडतात. त्यात जनावर मरते आणि कधी जागलीला जाणारा माणूसही मरतो. अशा बातम्या आपण विदर्भात दरवर्षी वाचतो. तो मार्ग मला मुळीच नको होता. म्हणून पीक संरक्षणासाठी बंदुकीचा परवाना मागितला आणि रीतसर चौकशी होऊन तो मिळाला.

परवाना मिळाल्याचे कळताच अमेरिकेतल्या भाच्याचा फोन आला. तो टेक्सासमध्ये नोकरीला आहे. तिकडेही रानटी डुकरांनी शेतकऱ्यांना हैराण केले आहे. "मामा, दुनळी कसली घेता? इथं लोक सेकंडहँड सेमी-ऑटोमॅटिक रायफल घेतात. एकदा भरली की चाप ओढत जायचं, कळपच्या कळप आवरतो," असे त्याचे म्हणणे. मी त्याला म्हटले, बाबा, तुझे टेक्सास वेगळे आणि आमचे रिसोड वेगळे.

हा फरक नीट समजून घेण्यासारखा आहे. अर्धस्वयंचलित रायफल आपल्याकडे सर्वसाधारण नागरिकाला परवान्यावर मिळत नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्यात, तेराव्या कलमात, पीक राखण्यासाठी मुळात ठासणीची बंदूक धरलेली आहे. ती पुरी पडत नाही अशी परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याची खात्री झाली, तर दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक, म्हणजे आपली बाराबोर, मंजूर करता येते. कायदा बाजूला ठेवला तरी आमच्या भागात रायफल मला भीतीदायकच वाटते. रायफलची गोळी तीन-चार किलोमीटर जाऊ शकते. तेवढ्या अंतरात आमच्याकडे दोन गावे, एक तांडा आणि हंगामात जागलीवर बसलेली पंचवीस माणसे असतात. छऱ्यांचा जोर त्या मानाने लवकर संपतो. तरीही समोर काय आहे हे दिसल्याशिवाय बार काढायचा नाही, हा नियम आहेच.

दुसरे म्हणजे शिकार. आपल्या देशात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचा शौक संपला, आणि ते बरेच झाले. पिकाची नासाडी करणाऱ्या जनावराबाबतही वन विभागाची लेखी परवानगी लागते. २०२२ च्या दुरुस्तीनंतर रोही आणि रानडुक्कर दोन्ही त्या कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत आहेत. काळवीट पहिल्या अनुसूचीत. आमच्या जिल्ह्यात कारंजा-सोहोळचे अभयारण्य खास काळविटांसाठीच आहे. तेव्हा हातात बंदूक आहे म्हणून वावरात दिसेल त्यावर नेम धरला, असे होत नाही. माझ्या बंदुकीचे बहुतेक काम आवाजाचेच आहे. मोकळ्या बाजूला तोंड करून एक बार काढला की कळप धुरा ओलांडून जातो. दोन-तीन रात्री पुन्हा येत नाही.

हे एवढे विस्ताराने सांगण्याचे कारण असे की बंदुकीचा भरवसा म्हणजे काय, हे ती कशासाठी हवी यावर ठरते. भाच्याच्या मित्राला रायफल घेताना पाहावे लागते की एकामागून एक वीस गोळ्या न अडकता सुटतात की नाही. अर्धस्वयंचलित हत्यारात प्रत्येक बाराच्या जोरावरच पुढची गोळी भरली जाते. रिकामे टरफल ओढून बाहेर फेकणे, स्प्रिंग दाबणे, पेटीतून नवी गोळी उचलणे, ती नळीत बसवणे ही सगळी साखळी आहे. त्यातली एक कडी झिजली, पेटीचा ओठ वाकला, काजळी साचली किंवा काडतूस जरा कमजोर निघाले की साखळी थांबते. दुनळीत असे काही नाही. एका दस्त्यावर दोन नळ्या आणि दोन स्वतंत्र यंत्रे. एक रुसले तरी दुसरे काम करते. जुनी वस्तू घ्यायची असेल तर जिच्यात हलणारे भाग कमी, ती बरी, असे माझे मत आहे, आणि ते पाण्याच्या इंजिनापासून घड्याळापर्यंत सगळ्याला लागू पडते.

पण शेतकऱ्याची बंदूक आणखी एका बाबतीत वेगळी असते. ती वर्षातल्या साडेतीनशे रात्री कुलपात पडून असते. उरलेल्या दहा-पंधरा रात्री ती चिखलातून, दवातून, माळ्याच्या शिडीवरून नेली जाते. मध्यरात्री दोन वाजता अर्धवट झोपेतला माणूस ती हाताळतो. अशा बंदुकीचा पहिला गुण म्हणजे नको तेव्हा तिने गप्प राहिले पाहिजे. हवे तेव्हा वाजणे हा दुसरा गुण. विकणारा माणूस नेहमी दुसऱ्याच गुणाबद्दल बोलतो. पहिल्याची चौकशी घेणाऱ्यालाच करावी लागते.

माझ्या सोबत आलेले गृहस्थ आमच्या गावचे जावई. पोलीस दलात शस्त्रदुरुस्तीच्या कामावर त्यांनी सारी नोकरी काढली. निवृत्त होऊन दहा वर्षे झाली तरी सगळे त्यांना हवालदारकाकाच म्हणतात. माणूस अबोल. अकोल्याच्या एसटीत दोन तासांत त्यांनी मला एवढेच सांगितले, "गुरुजी, बंदूक पाह्याची असन तं आंधी तिचं तोंड कुठी हाय ते पाहा. मंग ती खाली हाय का ते पाहा. रंग मंग पाहू."

आम्ही परवानाधारक विक्रेत्याकडे गेलो. परवानेदार वारला की वारसांना हत्यार घरी ठेवता येत नाही. ते पोलीस ठाण्यात किंवा अशा विक्रेत्याकडे जमा करावे लागते. त्यामुळे या दुकानांत मागच्या पिढीच्या बंदुका बऱ्याच पडून असतात. आम्हाला तीन दाखवल्या.

पहिली बंदूक चकचकीत होती. दस्त्याला नवे पॉलिश, नळीला निळसर काळा नवा रंग. मला ती आवडली, हे मी लपवत नाही. हवालदारकाकांनी ती मोडली, म्हणजे बिजागरीवर उघडली, दोन्ही नळ्या रिकाम्या असल्याचे बोट घालून पाहिले आणि खिशातून फडके काढून बिजागरीचे सगळे ग्रीस पुसले. दुकानदार म्हणाला, "अहो, कशाला पुसता?" काका काही बोलले नाहीत. त्यांनी नळीखालचा लाकडी तुकडा काढून ठेवला, बंदूक पुन्हा मिटली, दस्त्याच्या मानेला धरून हलवली. टक्, टक् असा बारीक आवाज आला. मग त्यांनी पतंगाच्या कागदाची पट्टी नळीच्या बुडाशी ठेवून बंदूक मिटली आणि पट्टी ओढली. ती सहज निघून आली.

याचा अर्थ असा, की वर्षानुवर्षे उघडझाप होऊन बिजागरी झिजली होती आणि नळीचे बूड मागच्या पोलादी भिंतीला घट्ट टेकत नव्हते. बार उडताना काडतुसामागे जो दाब तयार होतो तो या फटीतून मागे येऊ शकतो, आणि मागे माणसाचा चेहरा असतो. घट्ट ग्रीस भरले की असा ढिलेपणा हाताला जाणवत नाही. नव्या रंगाचेही तसेच आहे. रंगाला माझा आक्षेप नाही, पण जुन्या नळीवर नवा रंग दिसला की तो कशावर दिला आहे, हे विचारावे. गंजाचे खड्डे घासून काढले की नळीची भिंत पातळ होते आणि वर रंग दिला की काही कळत नाही. नळीवर कोरलेली अक्षरे झिजून पुसट झालेली दिसली, तर तिथले पोलादही तेवढेच गेले आहे असे समजावे.

दुसरी बंदूक पाहून दुकानातले दोन-चार लोक उठून जवळ आले. एका जुन्या देशमुखी वाड्यातली इंग्लंडची दुनळी. नळीवर पाण्याच्या लहरींसारखी नक्षी. ही नक्षी वरून कोरलेली नसते. लोखंडाच्या आणि पोलादाच्या पट्ट्या एकत्र पिळून, तापवून, गजाभोवती गुंडाळून अशी नळी घडवत. तिला दमास्कस म्हणतात. एकोणिसाव्या शतकातल्या कारागिरीचा तो कळस होता. अशी वस्तू हातात धरली की माणूस हळवा होतो. काकाही ती जरा जास्तच वेळ पाहत राहिले. मग नळी वेगळी करून त्यांनी तिच्या बुडाशी भिंग धरले.

तिथे बारीक शिक्के असतात. इंग्लंडमध्ये लंडन आणि बर्मिंगहॅम इथे नळ्यांच्या चाचणीची घरे आहेत. बर्मिंगहॅमचे १८१३ च्या कायद्याने सुरू झाले. नेहमीपेक्षा जास्त दारूचा बार उडवून नळी टिकली तरच शिक्का मारतात. बेल्जियममध्ये लीज शहरात तशीच व्यवस्था आहे. शिक्का म्हणजे नळीचा जन्मदाखला. या बंदुकीवर काळ्या दारूच्या चाचणीचा शिक्का होता. धूररहित दारूचा नव्हता. आजची काडतुसे धूररहित दारूची असतात. शिवाय पिळलेल्या पट्ट्यांच्या सांध्यांतून गंज आत कुठवर गेला आहे, हे वरून सांगता येत नाही.

इथे आणखी एक गोष्ट समजली, ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. जुन्या इंग्रजी बंदुकांचे काडतुसाचे घर पुष्कळदा अडीच इंचाचे असते. आजचे काडतूस पावणेतीन इंचाचे. पण गंमत अशी, की लांब काडतूस आखूड घरात व्यवस्थित बसते. न उडवलेल्या काडतुसाचे तोंड मुडपलेले असते, त्यामुळे त्याची लांबी कमी भरते. बार झाला की ते तोंड पुढे उलगडते, त्याला उलगडायला जागा राहत नाही आणि दाब एकदम वाढतो. काडतूस बसले म्हणजे ते चालते, असे नाही. घर मोजून घ्यावे. काकांनी ती बंदूक गुंडाळून परत दिली आणि दुकानदाराला म्हणाले, "हे भिंतीवर लावाची चीज हाय."

तिसरी बंदूक साधी. सरकारी आयुधनिर्माणीची, सत्तरच्या दशकातली, दस्त्यावर ओरखडे, पट्ट्याचा चामडी तुकडा वाळून कडक झालेला. शेजारच्या तालुक्यातल्या एका शेतकऱ्याची होती. ते गेल्यावर मुलाने जमा केली होती. तिच्यावर काका पाऊण तास बसले. मी घड्याळ लावून पाहिले.

आधी नळ्या वेगळ्या केल्या आणि उजेडाकडे धरून आतून पाहिल्या. आत गोल कडे असतात, उजेडाची वर्तुळे. नळी थोडी फिरवत गेले की ती सरळ सरकली पाहिजेत. कुठे काळी सावली अंगठीसारखी दिसली तर तिथे नळी फुगली आहे. हे आमच्या काळ्या मातीत फार होते. माणूस धुरा चढताना बंदुकीचे तोंड जमिनीला टेकवतो, आत चिकट मातीचा बोळा बसतो, आणि पुढचा बार त्या बोळ्यावर आदळतो. नशीब चांगले असेल तर नळी फक्त फुगते. काकांनी नोकरीत एका नळीतून कुंभारमाशीचे मातीचे घर काढलेले आहे. माशीला नळी म्हणजे आयती जागा. म्हणून हंगामातली पहिली रात्र असली की बंदूक उघडून आकाशाकडे पाहावे.

मग त्यांनी दोन्ही नळ्या एका बोटावर टांगून लाकडाच्या तुकड्याने हलकेच ठोकल्या. देवळातल्या घंटेसारखा लांबणारा नाद आला. दोन नळ्यांना जोडणारी मधली पट्टी डाकाने बसवलेली असते. डाक सुटला असेल तर फुटक्या मडक्यासारखा आवाज येतो. पतंगाचा कागद या खेपेस फाटला, पण सुटला नाही. दस्त्याची मान, म्हणजे मुठीजवळचा बारीक भाग, त्यांनी नखाने सगळीकडून चाचपली. लाकूड तडकते ते तिथेच, आणि विकणारे तारेचे वेढे किंवा चामडे गुंडाळून ती तड झाकतात. गुंडाळलेले असेल तर सोडून दाखवा म्हणावे.

त्यानंतरची तपासणी मला कोणी कधी सांगितली नव्हती. काकांनी दोन खोटी काडतुसे घातली. ती पितळेची असतात, मागे रबराची गुंडी. चाप ओढला तरी टाचणीला इजा होत नाही. बंदूक मिटून, टाळा सोडून, म्हणजे सुरक्षेचा खटका पुढे करून, त्यांनी दस्त्याचे बूड सतरंजीच्या घडीवर दाणकन आपटले. एकदा, दोनदा, तीनदा. मग दोन्ही बाजूंनी हाताने थापा मारल्या. नंतर एकेक चाप ओढला. दोन्ही घोडे तेव्हाच पडले, आधी नाही. दुकानदार कासावीस झाला होता. काकांनी मला समजावले ते असे. पुष्कळ दुनळ्यांत सुरक्षेचा खटका फक्त चाप अडवतो. आतला घोडा अडवत नाही. घोडा ज्या दात्यावर अडकून असतो तो झिजला असेल, किंवा चाप हलका व्हावा म्हणून एखाद्या मिस्त्रीने तो घासला असेल, तर बंदूक शिडीवरून पडताच बार उडतो. खटका लावलेला असतानाही उडतो. आपण खटक्यावर विसंबून निर्धास्त असतो.

घरी दोन नातवंडे आहेत. माळ्याची शिडी मी सांगितलीच. मला त्या पाऊण तासातली ही दोन मिनिटे सगळ्यात मोलाची वाटली.

मुलाने वडिलांची वही आणली होती. कोणत्या साली किती काडतुसे घेतली आणि किती उडवली, याच्या नोंदी परवानेदाराला ठेवाव्या लागतातच. या माणसाने त्या सुबक अक्षरात ठेवल्या होत्या. तीस वर्षांत काडतुसे मोजकीच. मुलगा म्हणाला, "बाबा दर दिवाळीला आणि पोळ्याला तेल लावायचे." बंदूक विकणाऱ्याचे घर कसे आहे, हेही एक चिन्हच. तिची किंमत तेव्हाच्या एका चांगल्या म्हशीपेक्षा कमी पडली.

विक्रेत्याच्या चाचणीच्या जागेत बार करून पाहिले. वर्तमानपत्राची पाने जोडून मोठा चौकोन केला, चाळीस पावलांवर लावला आणि प्रत्येक नळीने एकेक बार काढला. तीस इंचांच्या वर्तुळात छरे मोजायचे. ज्या नळीचे तोंड चांगले आवळलेले असते ती चाळीस यार्डांवर सुमारे सत्तर टक्के छरे वर्तुळात ठेवते. सरळ नळी चाळीसच्या आसपास. आमच्या दोन नळ्यांत तसा फरक निघाला, तो असतोच. पाहायचे एवढेच, की छरे सगळीकडे सारखे पसरले आहेत का, की एका बाजूला रिकामी भोके पडली आहेत. उडालेल्या काडतुसांच्या टोप्याही काकांनी पाहिल्या. टाचणीचा ठसा मधोमध, खोल आणि कडा न फाटलेला हवा. एका बाजूला उथळ ठसा म्हणजे थंडीच्या रात्री, तेल घट्ट झालेले असताना, ती नळी दगा देण्याची शक्यता.

ठासणीच्या बंदुकीविषयी दोन शब्द. अजून काही घरांत त्या परवान्यावर आहेत. जुनी ठासणीची बंदूक हातात घेतली की ती भरलेली आहे असेच धरून चालावे. आजोबांनी भरून ठेवलेली दारू नातवाच्या हातात उडू शकते. गज नळीत सोडावा, तोंडाशी खूण करावी, बाहेर काढून नळीच्या शेजारी धरावा. गजाचे टोक टोपीच्या छिद्रापर्यंत पोचत नसेल तर आत काहीतरी आहे. ते काढायचे काम जाणकाराचे.

आता काडतुसे. आपल्याकडे बाराबोरची शक्तिमान काडतुसे पुण्याजवळच्या खडकीच्या कारखान्यात होत आली आहेत. बंदुकीबरोबर "ही घ्या उरलेली" म्हणून कोणी जुनी काडतुसे देऊ केली तर घेऊ नयेत. परवान्यावर नोंद नसलेले काडतूस बाळगणे गुन्हा आहेच. शिवाय ओलीने फुगलेले काडतूस घरात अर्धे बसते आणि अर्धे बाहेर राहते. बंदूक खोटी ठरते ती पुष्कळदा काडतुसापायीच.

कागदांचे सांगतो आणि थांबतो. एका खाजगी माणसाने दुसऱ्याला हत्यार परस्पर विकायचे असेल, तर जिल्हादंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला पंचेचाळीस दिवस आधी लेखी कळवावे लागते. विक्रेत्यामार्फत घेतले तरी परवान्यावरचा क्रमांक आणि नळीवर कोरलेला क्रमांक स्वतःच्या डोळ्यांनी ताडून पाहावा. एक आकडा चुकला तर पुढे दहा वर्षे स्पष्टीकरण देत बसावे लागते. २०१६ च्या नियमांप्रमाणे हत्यार हाताळण्याचे प्रशिक्षण आणि वैद्यकीय दाखला लागतो. माझ्या वयाला ते प्रशिक्षण जाचक वाटेल असे वाटले होते, पण त्यात बंदूक कुंपणापलीकडे कशी द्यावी हे शिकवले, ते उपयोगी पडले. डिसेंबर २०१९ पासून परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षांची झाली आहे आणि एका माणसाला दोनच हत्यारे ठेवता येतात. लग्नात आनंदाचे बार काढणाऱ्यालाही त्याच दुरुस्तीने शिक्षा ठेवली आहे. पाहुण्यांनी गळ घातली की मी हे कलम सांगतो.

निवडणुका आल्या की हत्यार ठाण्यात जमा करण्याची सूचना येते. २०१९ मध्ये लोकसभा आणि विधानसभा अशी दोनदा आली, २०२४ मध्येही तसेच. ठाण्याची खोली म्हणजे शेकडो हत्यारे एकावर एक, पावसाळी ओल असेल तर गंज चढायला महिना पुरतो. मी जमा करण्यापूर्वी नळ्यांत तेलाचा फडका ओढतो, बंदूक सुती कापडात गुंडाळतो, प्लास्टिकमध्ये नाही, कारण प्लास्टिक घाम धरते. पावतीवर क्रमांकाबरोबर "नळ्या स्वच्छ, दस्ता अखंड" असे लिहून मागतो. परत घेताना तिथेच बाकावर ती मोडून खिडकीकडे धरतो. उजव्या नळीतून उजेड पाहायचा, डाव्या नळीतून पाहायचा, बिजागरी हलवून पाहायची. मागे रांग असते, लोक कुरकुरतात. पाहून झाल्यावर मी सही करतो.